राम म्हणू राम

गेल्या वैशाखात भाचीचं लग्न झालं. लग्न तालुक्याच्या गावी कार्यालयात, पण हळद घरच्या जात्यावरच दळायची हा माझ्या चुलत्यांचा हट्ट. मग गोठ्याच्या कोपऱ्यात कित्येक वर्षं पालथं पडलेलं जातं दोघातिघांनी उचलून ओट्यावर आणलं. टाकी लावणारं, म्हणजे छिन्नीनं जात्याचा दगड खरखरीत करून देणारं माणूस आता पंचक्रोशीत उरलेलं नाही, म्हणून नुसतंच धुऊन पुसून घेतलं. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधली, आंब्याचा डहाळा खोचला, पाच सवाष्णी गोल करून बसल्या आणि जातं फिरायला लागलं. पण फिरवायचं कसं तेच कुणाला ठाऊक नव्हतं. एक ओढायची तेव्हा दुसरी ढकलायची, हसून हसून सगळ्यांचे पदर खाली येत होते, आणि गाणं तर एकीलाही येत नव्हतं. एवढ्यात मागच्या खांबाला टेकून बसलेल्या आत्यानं कुणी न सांगता आवाज लावला. पहिली ओवी देवाची, मग कुळाची, नवरीच्या आईबापांची, आणि मग ती हळूच सीतेवर आली. जात्याला लय सापडली. पाचही हात एका चालीत फिरायला लागले, पिवळी धूळ पाळूवरून सांडायला लागली. आत्या म्हणाली,

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

फोन धरून उभा असलेला भाचा पुढं झाला. वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आत्याआजी, ही नको. व्हिडिओ चालू आहे. ग्रुपवर जाईल, कुणीतरी काहीतरी बोलेल." आत्या थांबली. जातं दोनतीन फेरे तसंच मुकं फिरलं. मग कुणीतरी स्पीकरवर गाणं लावलं आणि ओट्यावरचा गलका पुन्हा सुरू झाला. माझ्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं.

मी काही बोलले नाही.

पोरगा वाईट नाही. रात्री जेवताना आत्याच्या ताटाशी तोच बसला होता, तिला वरण-भात कालवून देत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, धास्ती होती, आणि ती कुठून येते हे मलाही कळतं. मला खुपत राहिलं ते माझं गप्प बसणं. सव्वीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवलं, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं एम.ए.च्या वर्गाला 'पुराणकथा आणि आधुनिक साहित्य'. १९५९ साली 'ययाति', १९६२ साली 'व्यासपर्व', १९६७ साली 'मृत्युंजय' आणि त्याच वर्षी 'युगान्त'. आठ वर्षांत मराठीनं महाभारत कसं उलटंपालटं करून पाहिलं हे सांगताना माझा आवाज चढायचा. सूतपुत्राला नायक करायला केवढी छाती लागते, देवांच्या यादीतल्या माणसांना माणूस म्हणून उभं करायला केवढी समज लागते, असं मी मनापासून सांगायचे, आणि ते खोटं नव्हतंच. ती पुस्तकं मला आजही तितकीच प्रिय आहेत. पण माझ्या टिपणांत ओवी कधी आली नाही. ओवी लोकसाहित्याच्या वेगळ्या पेपरात होती, दुसऱ्या बाई शिकवायच्या. नवा अर्थ लावतात ते लेखक, आणि बायका दळताना गातात ती परंपरा, अशी माझ्या डोक्यात कुणी न सांगता फाळणी झालेली होती. जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी ती ओवी पहिल्यांदा ऐकली, ती माझी आजी मला वर्गात उभी राहून बोलताना कधी आठवली नाही.

आता ती ओवी पुन्हा पुन्हा मनात फिरते. दोनच ओळी. सुरुवात होते ती नाव घेण्यानं, तेही दोनदा. 'राम म्हणू राम' हे आधी नमस्कारासारखं आहे, आणि त्याच श्वासात 'न्हाई' येतं. मग 'तोल' येतो. ओवीच्या मधोमध एक तराजू टांगला जातो आणि दोन पारड्यांत नवरा-बायको बसतात. हिरकणी म्हणजे हिऱ्याचा बारीक खडा, चिमटीत मावणारा. तो एका पारड्यात, आणि दुसऱ्यात अयोध्येचा राजा. आणि वर जातं ते राजाचं पारडं! 'हलका' हा शब्द तोलाशी असा बसवलाय की तो स्वभावाचाही होतो आणि वजनाचाही. वाईट नाही, दुष्ट नाही, निष्ठुरसुद्धा नाही, हलक्या दिलाचा. कुणी काही बोललं की डळमळणारा. गावातल्या एखाद्या भल्या पण बायकोची बाजू न घेणाऱ्या माणसाबद्दल शेजारीण जसं बोलेल तसं. आणि शब्द 'दिल'. संस्कृत रामकथेच्या काळजात घरच्या बोलीतला हा फारशी शब्द किती सहज रुजलाय. ज्या बाईनं पहिल्यांदा ही ओवी जुळवली तिला अक्षरओळख असण्याची शक्यता फार कमी. तिचं नाव कुणालाच माहीत नाही, गावही नाही. तिनं एवढा मोठा निवाडा दिला, आणि जात्याच्या तोंडात मूठभर दाण्यांची वैरण घालून पुढच्या ओवीकडे वळली.

आजी पहाटे साडेतीनला उठायची. मला जाग यायची ती आवाजानं नव्हे, तर आवाज अंगात शिरल्यानं. जात्याची घरघर जमिनीतून गोधडीत यायची, गोधडीतून पाठीत. मी डोळे मिटूनच उठून तिच्या डाव्या मांडीवर डोकं टाकायचे. दर फेऱ्याला तिचं अंग पुढं जायचं, मागं यायचं, आणि मी त्याच्याबरोबर झुलायचे. कोमट जोंधळ्याच्या पिठाचा वास, तिच्या लुगड्याचा चुलीच्या धुराचा वास, आणि वरून गालावर बसणारं भुरभुर पीठ. त्या अंधारात मी रामायण ऐकलं, म्हणजे रामायण हे नाव कळण्याच्या कितीतरी आधी. त्या रामायणात युद्ध जवळजवळ नव्हतं. वानर आले तर आले, समुद्र ओलांडला तर ओलांडला. ते सगळं बाप्ये लोक पारावर ऐकतील. जात्यावरचं रामायण घरात सुरू व्हायचं आणि रानात संपायचं.

त्यात कैकयी ही सीतेची खाष्ट सासू होती. लंकेहून परत आल्यावर ती सीतेला लाडीगोडी लावून विचारते, रावण दिसतो तरी कसा गं? सीता म्हणते, मी मान वर केलीच नाही, मला दिसला तो फक्त त्याच्या पायाचा अंगठा. मग अंगठाच काढून दाखव. सीता भिंतीवर अंगठा काढते, आणि ती वळल्यावर कैकयी त्या अंगठ्यावर अख्खा रावण उभा करते आणि रामाला बोलावून आणते. परटाच्या तोंडची ती प्रसिद्ध गोष्ट मला फार पुढं, शाळेत कळली. मला ती आजही पटत नाही, अंगठ्याची पटते. कारण घर कसं मोडतं हे अंगठ्याच्या गोष्टीत नीट दिसतं. तुम्ही एक रेघ खरी काढायची, आणि तिच्यावर बाकीचं चित्र दुसऱ्यानं पुरं करायचं. आणखी एक ओवी अशी होती की सीतेला सासुरवास इतका झाला की तिनं तो थोडा थोडा करून देशोदेशीच्या लेकींना वाटून टाकला. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आलेला त्रास हा मूळचा सीतेच्या पदरातला. आणि एक माझी सर्वांत लाडकी:

अरुण्या वनात कोण रडतं ऐका
सीतेला समजावाया बोरी-बाभळी बायका

आमच्या माळावर दुसरी झाडं होती कुठं? चंदन, अशोक, कदंब पोथीत. इथं बोरी आणि बाभळी, काट्यांची, पावसावाचून जगणारी. त्याच बाया होऊन तिच्याभोवती बसल्या. मी लहानपणी शाळेच्या वाटेवर बाभळीकडं पाहायचे ते त्यामुळं जरा दबकून, जाणत्या बाईकडं पाहावं तसं.

आणि हीच आजी रामनवमीला बारा वाजता पाळण्याची दोरी हातात आली की रडायची. सुंठवडा तिच्या हातचाच लागायचा. चुलत्यांच्या रेडिओवर गीतरामायण लागलं की हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन बसायची. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीलाच, पुणे आकाशवाणीवरून ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी जन्मले नव्हते, मी ऐकलं ते पुढच्या काळात पुन्हा पुन्हा लागणारं. छप्पन्न गीतांमधलं शेवटून दुसरं सीतेचं, लक्ष्मणाला विचारणारं, आता जाऊ कुठं. ते लागलं की आजी एकदम ताठ व्हायची. ते संपल्यावर एकदा म्हणाली होती, "ह्यो गडी बाईचं जाणतो." त्या गीतांत राम किती कोवळा, किती देखणा, किती थोर! आजीला तो तसाच हवा होता. आणि दुसऱ्या पहाटे जात्यावर तोच हलक्या दिलाचा होता. मला त्या वयात यात काही विसंगत वाटलं नाही. आजोबांना ती पहिली भाकरी वाढायची आणि त्यांच्याबद्दल जात्यापाशी जे बोलायची तेही मी ऐकलेलं होतं.

आत्याबद्दल लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस अडले. तिला विचारलं तर म्हणाली, "लिव की. सगळ्या गावाला ठावं हाय." तर आत्या एकोणिसाव्या वर्षी नांदायला गेली आणि बावीसाव्या वर्षी परत आली. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. घटस्फोट नाही, भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. नुसती एका पावसाळ्यात माहेरी पाठवली आणि न्यायला कुणी आलं नाही. ते गृहस्थ चाळीस मैलांवर सुखानं राहतात. आत्याच्या कपाळाला आजही कुंकू आहे, गळ्यात डोरलं आहे, आणि तरी पाच सवाष्णी मोजताना तिचं नाव निघत नाही. कुणी तिला नको म्हणत नाही. फक्त मोजणारीचं बोट तिच्यावरून पुढं सरकतं. म्हणून त्या दिवशी ती खांबाला टेकून होती. जात्याला हात लावायचा मान पाचजणींचा, आणि त्यांना लागणारी सगळी गाणी एकटी बाहेर बसलेल्या बाईकडं. हे माझ्या ध्यानात आलं ते तिला गप्प केल्यानंतर.

लग्नाहून परतल्यावर मी भवभूती काढून बसले. आठव्या शतकातला हा कवी आपलं मूळ विदर्भातलं पद्मपूर सांगतो, म्हणजे तो आपल्याच मातीतला. 'उत्तररामचरित' मी बी.ए.ला वाचलं होतं, परीक्षेपुरतं. या वेळी पहिल्याच अंकात थबकले. राम, लक्ष्मण आणि सीता आपल्याच आयुष्याची चित्रं पाहत आहेत. भिंतीवर सगळी कथा रंगवलेली आहे, आणि ज्यांची कथा तेच ती बघत उभे आहेत. चित्रं पाहून सीतेला रानात जावंसं, गंगेत उतरावंसं वाटतं. ती थकून रामाच्या बाहूवर झोपते आणि तेवढ्यात निंदेची बातमी घेऊन दूत येतो. चित्र आधी, वनवास नंतर. मला आजीचा भिंतीवरचा अंगठा आठवला आणि अंगावर काटा आला. बाराशे वर्षांपूर्वीचा पंडित आणि सही न येणारी बाई, दोघांनाही सीतेचा त्याग सांगताना आधी भिंतीवर एक चित्र लागलं. एकानं दुसऱ्याचं घेतलं असं मला म्हणायचं नाही. पण दोघंही एकाच भिंतीपाशी येऊन उभे राहिले आहेत.

तिसऱ्या अंकात राम बारा वर्षांनी पंचवटीत येतो. सीता तिथंच आहे, पण गंगेच्या वरानं अदृश्य. ओळखीची झाडं पाहून राम मूर्च्छित पडतो, तिच्या हाताच्या स्पर्शानं सावध होतो, आणि हात मात्र त्याला दिसत नाही. वनदेवता वासंती, सीतेची जुनी मैत्रीण, रामाला तोंडावर सुनावते: कठोरा, तुला कीर्ती प्रिय म्हणे, मग याहून घोर अपकीर्ती ती कोणती? हे नाटक कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत होत आहे असं सूत्रधार सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे यात्रेची गर्दी, सगळे भाविक, त्यांच्यासमोर रामाला कठोर म्हटलं जात होतं. आणि त्याच्यापुढचं वाक्य मी कॉलेजात असताना साफ निसटू दिलं होतं. वासंती रामाला बोलते तेव्हा अदृश्य सीता रामाची बाजू घेते. म्हणते, सखे, तूच कठोर आहेस, आधीच रडणाऱ्याला आणखी रडवतेस.

मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. आत्याच्या नवऱ्याला एकदा माझी आई काहीबाही बोलली होती, मी तेव्हा दहाबारा वर्षांची असेन. आत्या शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "वैनी, त्येला नावं ठिवायची तर मी ठिवीन. तुमी नगा."

भवभूतीनं शेवट बदलला. त्याच्या नाटकात सीता धरणीच्या पोटात जात नाही, दोघांची भेट होते. मला हा शेवट पूर्वी भाबडा वाटायचा. आता वाटतं, त्याला ते सहन झालं नसावं. दुसऱ्या टोकाला यवतमाळ जिल्ह्यातलं रावेरी, राळेगाव तालुक्यात. तिथं सीतेचं मंदिर आहे, रामावाचून. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्तानं वर्ध्याला गेले होते तेव्हा वाट वाकडी करून गेले. गावात सांगतात, बाळंतीण सीतेनं इथं दारोदार पसाभर गहू मागितला, कुणी दिला नाही, म्हणून तिनं शाप दिला की इथं गहू पिकणार नाही. आणि बरीच वर्षं पिकला नाही, संकरित बियाणं आलं तेव्हा पिकला, असंही तेच लोक सांगतात. आपल्या गावाची लाज इतकी जपून, पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहणारी माणसं मी दुसरीकडं पाहिलेली नाहीत. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन ते पडकं देऊळ नीट करून घेतलं. त्याच माणसानं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला लावली. मला देवळापेक्षा तो सात-बारा अधिक आठवतो, पण गाभाऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या तिच्यासमोर मी खूप वेळ थांबले होते हेही खरं.

आणि दिवाळीत ओवाळताना माझी आई काय म्हणायची? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पोथीत देव वामन आहे, आणि आमच्या घरात ज्याला पाताळात दाबलं त्याचं राज्य मागितलं जातंय, तेही देवासमोर, निरांजन हातात धरून. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाची बाजू मांडली, तेव्हा ऐकणाऱ्या बायकांना तो राजा परका वाटला नसणार.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या नसत्या तर आज आपल्याकडं हे सगळं फक्त आठवणीत असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला झालेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी तारा भवाळकर होत्या, जन्मभर बायकांच्या लोकसाहित्यावर काम केलेल्या. मी टीव्हीसमोर बसून रडले. त्या आनंदात मी कुणाकुणाला फोन केले होते. आणि त्यानंतर, स्वतःच्या घरच्या ओट्यावर, माझ्या आत्याला थांबवलं तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. 'अरे, म्हणू दे तिला.' चार शब्दांचं काम होतं. नवऱ्या मुलीची आई समोर होती, व्याही येणार होते, शुभकार्यात वाद नको, ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती स्वतःला रोज सांगितली आणि रोज ती पुरेनाशी झाली.

लग्नाचा व्हिडिओ आला. त्यात हळदीचा भाग दोन मिनिटांचा आहे, वर सिनेमातलं गाणं. आत्या एकदा दिसते, खांबापाशी, ओठ हलताना. काय म्हणते ते ऐकू येत नाही.

श्रावणात मी गावी गेले. घरात आत्या एकटीच होती, बाकी सगळे भांगलणीला. मी म्हटलं, "आत्या, ती ओवी पुन्हा म्हण ना, मला लिहून घ्यायची आहे." तिनं तोंड उघडलं, दोन शब्द म्हणाली, आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली. जी ओवी लग्नात धबधब्यासारखी आली होती ती तिला जुळेना. हसली. म्हणाली, "आगं, जातं फिरल्याबिगार ववी कुठनं यायची? हात चालला की तोंड चालतंय." जातं लग्नानंतर परत गोठ्यात गेलेलं होतं. आम्ही दोघींनी ते ढकलत, घासत, दम खात ओसरीवर आणलं. खालच्या तळीला अजून हळदीचा पिवळा लागलेला होता. मी डब्यातून ओंजळभर जोंधळा आणला. आत्यानं पदर खोचला, एक पाय लांब केला, आणि खुंट्याला हात घालण्याआधी तळहात जात्यावर टेकून कपाळाला लावला.

तिला जात्याशी बसलेलं मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. तिचे हात आजीचे हात आहेत, मनगटाशी तसेच चपटे, अंगठा तसाच बाहेर वळलेला. मी समोरून खुंट्याला हात लावला. पाच नव्हतो, दोघीच होतो. पहिले फेरे जड गेले, मग दगड मोकळा झाला. तिनं पहिली ओवी देवाची म्हटली. दुसरी आईची, म्हणजे माझ्या आजीची. तिसरीला रामाचं नाव घेतलं, "राम म्हणू राम", आणि तिची नजर माझ्या मांडीशेजारी ठेवलेल्या फोनकडं गेली.

मी फोन उचलून आतल्या खोलीत ठेवून आले. वहीसुद्धा ठेवून आले. परत बसले, खुंट्याला हात घातला. ती काही बोलली नाही, मीही नाही. जातं फिरत राहिलं. दोन फेरे, तीन फेरे. मग ती म्हणाली, सगळी ओवी, दोन्ही ओळी, 'हलक्या'वर जरा रेंगाळून, डोळे मिटून. मग तिच्यामागची, मग बोरी-बाभळीची, मग मी कधीच न ऐकलेली एक, सीतेच्या लुगड्याची, मग आणखी. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. पिठाचा कोमट वास वर येत होता आणि माझ्या पाठीत, खाली जमिनीतून, ती घरघर शिरत होती. मी ऐकत राहिले. हातातला जोंधळा कधी संपला ते मला कळलं नाही. दगडावर दगड कोरडा वाजायला लागला तेव्हा आत्यानं डोळे उघडले.

"आगं, वैरण घाल की."